ब्रूज, न्यूरेंबर्ग, अँटवर्प : उत्तरेकडचा रेनेसाँ ही इटलीची नक्कल होती का?

काजळरेघ

१४८३ साली फ्लँडर्समधल्या (आजच्या बेल्जियममधल्या) ब्रूजहून निघालेलं एक चित्र समुद्रमार्गे इटलीला आलं आणि फ्लॉरेन्सच्या सांता मारिया नोव्हा इस्पितळाच्या चर्चमध्ये लागलं. दोन्ही बाजूंच्या झडपा उघडल्या की जवळजवळ सहा मीटर रुंद. रंगवलं होतं ह्यूगो व्हान डर खूस या फ्लेमिश, म्हणजे फ्लँडर्सच्या, चित्रकाराने आणि पैसे मोजले होते तोम्मासो पोर्तिनारीने. हा फ्लॉरेन्सच्या मेदिची घराण्याच्या बँकेचा ब्रूज शाखेतला कारभारी. विषय नेहमीचाच, येशूचा जन्म. पण उजवीकडे धापा टाकत येऊन थबकलेले तीन मेंढपाळ बघा. रापलेले चेहरे, कामाने राठ झालेले हात, एकाचं तोंड आश्चर्याने उघडं पडलंय आणि आतले विरळ दात दिसताहेत. पुढे जमिनीवर गव्हाची पेंढी आणि तिच्यापुढे काचेच्या पेल्यात थोडी फुलं. पेला पारदर्शक आहे, त्यातलं पाणीसुद्धा दिसतं.

दोनच वर्षांनी, १४८५ मध्ये, फ्लॉरेन्सच्या गिर्लांदायोने सांता त्रिनिता चर्चमधल्या सास्सेत्ती कुटुंबाच्या चॅपेलसाठी हाच प्रसंग रंगवला. त्यात गव्हाणीच्या जागी लॅटिन लेख कोरलेली रोमन शवपेटी आहे, मागे रोमन कमान आहे. सगळी मांडणी अस्सल इटालियन. आणि उजव्या बाजूचे मेंढपाळ मात्र सरळ ह्यूगोच्या चित्रातून उचललेले.

हे आधी सांगितलं, कारण आपल्याकडे रेनेसाँ (युरोपातला प्रबोधनकाळ) म्हटलं की लिओनार्दो, मायकेलँजेलो, राफाएल, आणि मग शेवटी दोन ओळींत 'ही चळवळ पुढे उत्तर युरोपात पसरली' असं वाचायला मिळतं. जणू आल्प्सच्या पलीकडे सगळे हातावर हात ठेवून बसले होते. मला हे अजिबात पटत नाही. प्राचीन ग्रीक-रोमन विद्येचं वेड इटलीतून उत्तरेला गेलं हे खरंच आहे. पण चित्रकलेत तेलरंगाची हातोटी उत्तरेतून दक्षिणेला आली, आणि हे सगळं घरोघर पोचवणारा छापखाना तर राइनकाठच्या माइन्झचा.

तेलरंगाबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण तिथेच खरी गंमत आहे. इटलीत तोवर फळीवरचं चित्र बहुतेक करून अंड्याच्या बलकात रंग कालवून काढत. तो भराभर वाळतो, त्यामुळे एक छटा दुसरीत विरघळवता येत नाही. बारीक रेघा शेजारी शेजारी ओढून गोलाई दाखवावी लागते. जवसाच्या तेलात घोटलेला रंग सावकाश वाळतो. फ्लेमिश चित्रकार ओकच्या फळीवर खडू आणि सरसाचा पांढराशुभ्र थर देत, तो घासून गुळगुळीत करत, आणि त्यावर पातळ, पारदर्शक रंगाचे थर एकावर एक चढवत. प्रकाश त्या थरांतून आत शिरतो, तळच्या पांढऱ्यावर आपटून परत येतो. तांबडं कापड आतून पेटल्यासारखं दिसतं ते त्यामुळे.

यान व्हान आइकचं १४३४ चं आर्नोल्फिनी दांपत्याचं चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. उंची जेमतेम ८२ सेंटिमीटर. मागच्या भिंतीवर एक बहिर्गोल आरसा आहे. त्यात जोडप्याची पाठ दिसते, अख्खी खोली वाकून दिसते, आणि दारात उभी असलेली आणखी दोन माणसं दिसतात, जी आपल्याला चित्रात दुसरीकडे कुठेच दिसत नाहीत. आरशाच्या चौकटीवर दहा चिमुकल्या गोलांत ख्रिस्ताच्या यातनांचे प्रसंग आहेत. वर भिंतीवर वळणदार अक्षरांत सही, 'यान व्हान आइक इथे होता, १४३४'. आणि हा आर्नोल्फिनी कोण? इटलीतल्या लुक्का गावचा, ब्रूजमध्ये पेढी असलेला व्यापारी. इटालियन माणूस आपलं चित्र काढून घ्यायला फ्लेमिश चित्रकाराकडे गेला होता!

जाणकारांनी भर घालावी. दुसरी बाजूही ऐकायला आवडेल.

---

माळावरचा

उत्तम धागा. तेलरंगाचा शोध व्हान आइकने लावला असं लहानपणापासून वाचत आलोय, ते खरं का?

---

काजळरेघ

नाही. ती वासारी या इटालियन चित्रकार-चरित्रकाराने सोळाव्या शतकात लिहून ठेवलेली गोष्ट. बाराव्या शतकात थिओफिलस नावाच्या साधूने तेलात रंग घोटायची कृती लिहून ठेवली आहे. अफगाणिस्तानातल्या बामियानच्या गुहांमधल्या काही बौद्ध भित्तिचित्रांतही वाळणारं तेल सापडलंय, आणि ती चित्रं व्हान आइकच्या कितीतरी शतकं आधीची. व्हान आइकने काय केलं, तर त्या माध्यमातून काय काय काढता येतं ते टोकाला नेऊन दाखवलं.

---

दुपारचं_ऊन

धागा आवडला, पण इटलीवर थोडा अन्याय होतोय असं वाटतं. तेलरंग हे साधन झालं. रेनेसाँचा गाभा साधनात नाही, विचारात आहे. फ्लॉरेन्सचा वास्तुकार ब्रुनेलेस्की याने यथार्थदर्शन (सपाट पृष्ठावर खोली दाखवायची भूमिती) प्रयोगाने सिद्ध करून दाखवलं, मसाच्चोने १४२७ च्या सुमाराला सांता मारिया नोव्हेल्ला चर्चच्या भिंतीवर 'ट्रिनिटी' रंगवून ते वापरलं, आल्बेर्तीने १४३५ मध्ये त्याचं शास्त्र लिहिलं. तुम्ही ज्या आर्नोल्फिनी चित्राचं कौतुक केलंत त्यात जमिनीच्या फळ्या आणि छताच्या तुळया एका बिंदूत मिळतच नाहीत, पट्टी लावून बघा. व्हान आइकचा डोळा अफाट आहे, पण त्यामागे नियम नाही. माणसाच्या शरीराचंही तेच. उत्तरेतली नग्न शरीरं बघा, कपडे उतरवलेली माणसं वाटतात. मसाच्चोचा आदम बघा, त्याला हाडं आहेत, वजन आहे. शेवटी जर्मन चित्रकार ड्यूररला हे शिकायला इटलीलाच जावं लागलं ना?

---

नदीकाठ

ड्यूररचं नाव निघालंच आहे तर लिहितो. काही वर्षं न्यूरेंबर्गमध्ये राहतोय. किल्ल्याखालच्या टियरगेर्टनर वेशीपाशी त्याचं घर अजून उभं आहे, १५०९ मध्ये त्याने विकत घेतलेलं.

दुपारचं_ऊन म्हणतात ते बरोबर आहे, तो शिकायला गेला. १४९४-९५ मध्ये एकदा आणि १५०५ ते १५०७ दुसऱ्यांदा. पण काय शिकायला मिळालं आणि काय मिळालं नाही, तेही बघा. याकोपो दे बार्बारी नावाच्या व्हेनिसच्या चित्रकाराने त्याला मापं घेऊन काढलेल्या स्त्री-पुरुषांच्या आकृत्या दाखवल्या. ड्यूरर हरखून गेला. पण कृती विचारली तर गड्याने सांगितली नाही! ड्यूररने हे स्वतः लिहून ठेवलंय. मग त्याने विट्रुव्हियस हा प्राचीन रोमन वास्तुकार वाचला, स्वतः माणसं मोजली आणि पुढची कित्येक वर्षं त्यातच घातली. १५०४ चं त्याचं आदम-ईव्हचं ताम्रपट कोरीवकाम म्हणजे त्या खटाटोपाचं फळ.

आता कळीचा मुद्दा. इतकं कष्टाने मिळवलेलं ज्ञान त्याने काय केलं? १५२५ मध्ये कंपास आणि पट्टीने मोजमाप कसं करायचं यावर पुस्तक छापलं, आणि तेही लॅटिनमध्ये नाही, जर्मनमध्ये. सोनार, पाथरवट, सुतार, चित्रकार यांना वाचता यावं म्हणून. मानवी शरीराच्या प्रमाणांवरची चार पुस्तकं १५२८ मध्ये, तो गेल्यावर काही महिन्यांत बाहेर पडली. याच्याशी ताडून बघा: आल्बेर्तीचा चित्रकलेवरचा ग्रंथ शंभर वर्षं हस्तलिखितात फिरत राहिला आणि पहिल्यांदा छापला गेला तो १५४० मध्ये, स्वित्झर्लंडमधल्या बाझलला. यथार्थदर्शनावरचं पहिलं छापील पुस्तकसुद्धा इटलीतलं नाही. १५०५ मध्ये फ्रान्सच्या ईशान्येला तूल गावी ज्याँ पेलरँ या धर्मगुरूने ते काढलं. विचार इटलीत जन्मला हे शंभर टक्के मान्य. तो सगळ्यांच्या हातात पडला उत्तरेत.

व्हेनिसहून त्याने आपल्या मित्राला, पिर्कहायमरला लिहिलेली पत्रं जरूर वाचा. म्हातारा जोव्हान्नी बेल्लिनी अजूनही चित्रकलेत सगळ्यांत सरस आहे असं एकात लिहितो. दुसऱ्यात म्हणतो, परत गेल्यावर या उन्हासाठी मी कुडकुडणार. इथे मी सभ्य गृहस्थ आहे, घरी नुसता बांडगूळ. इटलीने त्याला प्रमाणबद्धता दिलीच, त्याहून मोठी गोष्ट म्हणजे चित्रकार हा हातकामगार नाही, विचार करणारा माणूस आहे हा मान दाखवला. १५०० सालचं त्याचं स्वतःचं चित्र म्युनिकला आहे. समोरून, थेट, ख्रिस्ताच्या प्रतिमेसारखं काढलेलं. तेव्हा तो २८ वर्षांचा होता.

---

अक्षरजुळारी

नदीकाठ, फारच छान. छपाईच्या धंद्यात उभी हयात गेली, म्हणून त्या बाजूने चार ओळी.

ड्यूरर सोनाराचा मुलगा, हे विसरू नका. धातूवर कोरायची सळई त्याच्या हातात वडिलांच्या कामाच्या पाटावर आली. आणि त्याचा धर्मपिता कोण, तर आंतोन कोबेर्गर, त्या काळचा जर्मनीतला बलाढ्य मुद्रक. याच कोबेर्गरने १४९३ मध्ये न्यूरेंबर्गचा सचित्र जगेतिहास छापला. त्यात १८०० च्या वर चित्रं आहेत, पण ठसे साडेसहाशेच्या आसपासच; एकच ठसा वेगवेगळ्या शहरांसाठी आणि राजांसाठी पुन्हा पुन्हा वापरलाय. ती चित्रं वोल्गेमुटच्या कारखान्यातली, आणि ड्यूरर तिथेच उमेदवारीला होता.

लाकडी ठशात जी रेघ हवी ती सोडून बाकीचं लाकूड कोरून काढायचं असतं. मग तो ठसा अक्षरांच्या खिळ्यांच्याच उंचीचा करून एकाच फर्म्यात बसवता येतो, चित्र आणि मजकूर एका दाबात उमटतात. ताम्रपटाचं उलट. तिथे शाई कोरलेल्या खाचेत भरतात, पृष्ठभाग पुसून घेतात आणि ओलसर कागद रुळाखालून जोराने दाबतात. रेघ केसाएवढी बारीक येते, पण छपाई वेगळी करावी लागते. ड्यूरर दोन्हींत उस्ताद होता. १४९८ मध्ये त्याने 'अपोकॅलिप्स' ही १५ मोठ्या काष्ठचित्रांची मालिका स्वतः प्रकाशित केली, जर्मन आणि लॅटिन अशा दोन आवृत्त्यांत. कुणी राजा नाही, बिशप नाही, चित्रकारच प्रकाशक. त्याची बायको आग्नेस ही चित्रं घेऊन जत्रांना विकायला जायची. फ्रँकफुर्टच्या जत्रेत माल ठेवला की तो कुठल्या कुठे पोचायचा.

इतका पोचला की चोरीही सुरू झाली. मार्कांतोनियो राइमोंदीने व्हेनिसमध्ये ड्यूररच्या काष्ठचित्रांच्या तांब्यावर हुबेहूब नकला केल्या, ए आणि डी या अक्षरांच्या त्याच्या मुद्रेसकट. इटालियन कलावंत न्यूरेंबर्गच्या माणसाची नक्कल करतोय! १५११ च्या आपल्या पुस्तकाच्या शेवटी ड्यूररने चोरांना सणसणीत दम भरला आणि सम्राट माक्सिमिलियनचा हुकूम पुढे केला. धाग्याच्या शीर्षकातल्या प्रश्नाचं उत्तर मला तरी इथेच मिळतं.

---

दुपारचं_ऊन

अक्षरजुळारी, नदीकाठ, दोघांचे आभार. आल्बेर्तीचा ग्रंथ बाझलला छापला गेला हे माहीत नव्हतं. तरी एक आग्रह सोडत नाही: बेल्लिनी आणि मान्तेन्या हे इटालियन चित्रकार नसते तर ड्यूरर हा उत्कृष्ट कोरक्याच राहिला असता.

---

सुगरणीचं_घरटं

वेगळ्या वाटेने येते. मी वैद्यकातली, आणि मला उत्तरेकडच्या कलेत सगळ्यांत जास्त हलवून टाकणारं चित्र म्हणजे ग्रुनेवाल्डचं इसेनहाइमचं वेदीचित्र. १५१२ ते १५१६ या काळातलं, आता फ्रान्समध्ये कोल्मारला आहे. ते राजवाड्यासाठी नव्हतं. इसेनहाइमच्या अंतोनाइट मठासाठी होतं, आणि हे साधू 'सेंट अँथनीची आग' झालेल्या रुग्णांची शुश्रूषा करत. राय धान्यावर अरगट नावाची बुरशी पडते, तिचं पीठ पोटात गेलं की हातापायांत आग होते, झटके येतात, बोटं काळी पडून झडतात. बाजरीच्या कणसावर पडणारा अरगट आपल्याकडचे शेतकरी ओळखतात, ती याच बुरशीची भावंडं.

त्या चित्रातला क्रुसावरचा ख्रिस्त बघा. अंगभर काटे रुतलेले, कातडी हिरवट, बोटं वेदनेने ताठ होऊन वर वळलेली. दुपारचं_ऊन यांनी शरीराचा मुद्दा काढला म्हणून सांगते. इथे प्रमाणबद्धता नाही, सुंदर शरीर नाही, कारण समोर जो रुग्ण आणून बसवला जायचा त्याला सुंदर शरीर बघायचं नव्हतं. आपल्यासारखंच दुखणं सोसणारा देव बघायचा होता. हे न जमलेलं इटालियन चित्र नाही. ग्रुनेवाल्डला वेगळंच काही साधायचं होतं आणि ते त्याने पुरेपूर साधलं.

---

माळावरचा

सुगरणीचं_घरटं, प्रतिसाद दोनदा वाचला. आता चित्र शोधून बघतो.

एक शंका. ही सगळी कला चर्चसाठीची. मग चर्चविरुद्ध उभा राहिलेला धर्मसुधारक ल्यूथर, त्याच्यानंतर तिचं काय झालं?

---

पायवाट

माळावरचा, झालं ते भयंकर होतं. ज्या छापखान्याचं इथे कौतुक चाललंय त्याच छापखान्याने मूर्तिभंजकांची पत्रकंही छापली. ल्यूथर स्वतः चित्रांच्या विरोधात नव्हता. विटेनबर्गमध्ये चित्रकार क्रानाख त्याचा जवळचा मित्र, आणि १५२२ च्या जर्मन नव्या कराराला क्रानाखच्याच कारखान्यातली चित्रं होती. पण झूरिकने १५२४ मध्ये चर्चमधून चित्रं काढून टाकली. बाझलला १५२९ मध्ये जमावाने मूर्ती फोडल्या, वेद्या जाळल्या, आणि विद्वान इरॅस्मस शहर सोडून फ्रायबुर्गला निघून गेला. १५६६ च्या ऑगस्टमध्ये ती लाट नेदरलँड्समध्ये आली, अँटवर्पचं कथीड्रल आतून उद्ध्वस्त झालं. गेंटचं व्हान आइक बंधूंचं १४३२ चं प्रचंड वेदीचित्र वाचलं ते लोकांनी वेळेवर चर्चच्या मनोऱ्यात नेऊन लपवलं म्हणून. किती चित्रकारांचं काम त्या उन्हाळ्यात कायमचं गेलं, त्याची नावंसुद्धा आपल्याकडे नाहीत.

हान्स होल्बाइन हे याचं जिवंत उदाहरण. बाझलमध्ये चर्चची कामं आटली. १५२६ मध्ये इरॅस्मसने अँटवर्पच्या पीटर गिलिसला पत्र लिहिलं की इथे कला गारठल्या आहेत, हा इंग्लंडला निघालाय. तिकडे टॉमस मोरने त्याला आसरा दिला. म्हणजे रॉटरडॅमचा विद्वान, आउग्सबुर्गमध्ये जन्मलेला चित्रकार, अँटवर्पचा मध्यस्थ आणि लंडनचा वकील, अशी ही साखळी. मोरचं 'युटोपिया' १५१६ मध्ये छापलं गेलं तेही लंडनला नव्हे, लूव्हाँला. विचार पसरले म्हणजे नेमकं काय झालं, तर अशी पत्रं गेली, ओळखी निघाल्या, कुणीतरी कुणाच्या घरी उतरला.

लंडनमध्ये होल्बाइनने १५३३ मध्ये 'दूत' रंगवलं. दोन फ्रेंच माणसं, मध्ये दोन खणांची मांडणी, तीवर तुर्की गालिचा, पृथ्वीगोल, खगोलाची उपकरणं, अंकगणिताचं पुस्तक, ल्यूथरच्या भजनांची वही आणि एक तार तुटलेलं ल्यूट. पायाशी जमिनीवर एक तिरकी करडी आकृती पसरलीय. चित्राच्या उजव्या कडेला, भिंतीजवळ जाऊन तिरकं बघितलं की ती आकृती आखडते आणि कवटी होते. आणि त्या क्षणी ती दोन रुबाबदार माणसं मात्र ओळखू येत नाहीशी होतात. यथार्थदर्शनाचा नियम उत्तरेला कळला नव्हता असं म्हणणाऱ्याने हे एकदा बघावं.

---

दुपारचं_ऊन

पायवाट, ही कवटी माझ्या मुद्द्याला चांगलंच उत्तर आहे. मान्य. :)

---

काजळरेघ

पायवाट, इतकं नेमकं लिहिलंत. एकच पुस्ती. चर्चचं गिऱ्हाईक गेल्यावर उत्तरेतल्या चित्रकारांनी दुसरं जग शोधलं: व्यापाऱ्यांचे चेहरे, बाजार, शेत, हिवाळा. पीटर ब्रॉइगेल १५५२ च्या सुमाराला इटलीला गेला, पण परत आल्यावर त्याच्या कामात रोमचे भग्नावशेष फारसे दिसत नाहीत. दिसतात ते वाटेतले आल्प्स. 'बर्फातले शिकारी' हे १५६५ चं चित्र व्हिएन्नात आहे. डावीकडे दमलेले शिकारी आणि मान टाकलेली कुत्री, खाली गोठलेल्या तळ्यावर खेळणारी पोरं, आणि मागे उंच सुळके, जे फ्लँडर्सच्या सपाट मुलखात कुठेच नाहीत. ते अँटवर्पच्या निक्लास योंगेलिंक नावाच्या एका व्यापाऱ्याने आपल्या घरासाठी काढून घेतलं, वर्षाच्या महिन्यांच्या मालिकेत. इटलीला जाऊन आलेला माणूस आपल्याच गावचा हिवाळा रंगवतो, याला मी नक्कल म्हणूच शकत नाही.

---

कोकणवारा

धागा उशिरा बघितला. मी गोव्याचा, म्हणून इथल्या दोन गोष्टी सांगितल्याशिवाय राहवत नाही.

पहिली सगळ्यांनी पाहिलेली असेल: ड्यूररचा १५१५ चा गेंडा. तो गेंडा गुजरातच्या सुलतान मुजफ्फरशहाने पोर्तुगीज गव्हर्नर आल्बुकर्कला दिला होता. जानेवारी १५१५ मध्ये तो गोव्याहून जहाजावर चढला आणि २० मे रोजी लिस्बनला उतरला. ड्यूररने तो कधीच पाहिला नाही. न्यूरेंबर्गला आलेलं एक पत्र आणि एक रेखाटन, एवढ्यावरून त्याने ठसा काढला. म्हणून तर अंगावर चिलखताचे पत्रे, पायांवर खवले आणि मानेवर एक जादा वळसेदार शिंग आहे. खरा गेंडा पुढच्या वर्षी पोपकडे नजराणा म्हणून जात असताना इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाजाबरोबर बुडाला. छापलेला गेंडा युरोपात शतकानुशतकं खरा मानला गेला.

दुसरी गोष्ट माझ्या जास्त जिव्हाळ्याची. गार्सिया द ऑर्ता हा पोर्तुगीज वैद्य तीस वर्षं गोव्यात होता. त्याचं भारतीय औषधी वनस्पतींवरचं पुस्तक १५६३ मध्ये गोव्यातच छापलं गेलं, आणि संवादाच्या रूपात आहे. आंब्यावरसुद्धा त्यात प्रकरण आहे. फ्लँडर्सचा वनस्पतिशास्त्रज्ञ क्लुसियस पुढच्याच वर्षी लिस्बनला असताना ते त्याच्या हाती पडलं. त्याने त्याचा लॅटिन संक्षेप केला, टीपा जोडल्या, आणि १५६७ मध्ये अँटवर्पच्या प्लांटँ छापखान्याने तो चित्रांसह काढला. युरोपच्या विद्वानांनी ऑर्ता वाचला तो मुख्यतः या लॅटिनमधून.

---

अक्षरजुळारी

कोकणवारा, वा! प्लांटँचा तो कारखाना अँटवर्पला अजून जसाच्या तसा आहे, संग्रहालय म्हणून. जगातले सर्वांत जुने दोन छापयंत्र तिथेच आहेत, आणि खिळ्यांच्या पेट्यासुद्धा. ऑर्ताचे संवाद क्लुसियसने तसेच ठेवले का?

---

कोकणवारा

नाही, तेच तर मनाला लागतं. मूळ पुस्तकात ऑर्ता स्पेनहून आलेल्या रुआनो नावाच्या कल्पित वैद्याशी बोलतो, मध्येच मोलकरणीला हाक मारून एखादं फळ आणायला सांगतो, मालुपा नावाचा हिंदू वैद्य येऊन एका औषधाबद्दल दोन शब्द बोलून जातो. क्लुसियसला विद्यार्थ्यांसाठी पद्धतशीर ग्रंथ हवा होता, म्हणून त्याने संवाद मोडून वनस्पतीगणिक माहिती लावली. त्या कामासाठी ते योग्यच होतं. आणि त्यामुळेच ऑर्ता लायडनपासून लंडनपर्यंत पोचला, हेही खरं. इकडे गोव्यात १५८० मध्ये इन्क्विझिशनने (चर्चच्या धर्मन्यायालयाने) त्याची हाडं थडग्यातून उकरून जाळली, कारण तो मनाने ज्यूच राहिला असा ठपका होता. त्याच्या बहिणीला, कातारिनाला, १५६९ मध्येच जाळलं होतं. तोवर अँटवर्पची आवृत्ती दोन वर्षं बाजारात होती.